चावीशी भांडू नका

गेल्या रमजानातली गोष्ट. सहरीला अजून तासभर अवकाश होता. अम्मींना एकाएकी दम लागला. पंप मारला, वाफ दिली, तरी श्वास खाली बसेना. भाईजान गाडी काढायला धावले. आम्ही अम्मींना धरून जिना उतरवला आणि मागच्या सीटवर बसवले. पण गाडी सुरूच होईना. चावी आत जात होती, फिरत नव्हती. स्टिअरिंग दगडासारखे घट्ट.

भाईजान घामाघूम होऊन दोन्ही हातांनी चावीला पीळ देऊ लागले. मागे अम्मींची घरघर वाढत होती. आवाज ऐकून समोरच्या घरातला, टेम्पो चालवणारा मुलगा बाहेर आला. म्हणाला, "चाचा, चावीशी भांडू नका. जरा सरका." त्याने डाव्या हाताने स्टिअरिंग किंचित एका बाजूला दाबून धरले आणि उजव्या हाताने चावी हळूच फिरवली. खट् आवाज झाला आणि गाडी सुरू! आमची दहा मिनिटे गेली होती. त्याला दहा सेकंदही लागले नाहीत.

अम्मी चार दिवसांनी घरी आल्या, अल्हम्दुलिल्लाह. पण ती दहा मिनिटे आमच्या मनातून जात नाहीत. गाडीत बिघाड नव्हताच, आम्हाला माहिती नव्हती.

चोरी होऊ नये म्हणून गाडीला हे कुलूप असते. चावी काढून स्टिअरिंग थोडे फिरवले, की आत एक खिट्टी खाचेत बसते. चाक वळवलेल्या स्थितीत पायरीला टेकले असेल, तर त्या खिट्टीवर दाब येतो आणि चावी फिरत नाही. भाईजानांनी त्या रात्री गल्लीत गाडी तशीच लावली होती. अशा वेळी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना हलवून पाहावे. एका बाजूला ते किंचित सरकते. तिकडे धरून ठेवावे आणि चावी अलगद फिरवावी. जोर लावायचा तो स्टिअरिंगवर, चावीवर नाही. चावी आत तुटली, तर मध्यरात्री कोण येणार?

बटणाच्या गाडीत ब्रेक दाबून ठेवावा, स्टिअरिंग हलवत बटण दाबावे. रिमोटचा सेल उतरला असेल, तर बऱ्याच गाड्यांत रिमोट बटणाला टेकवला की काम होते. जुनी चावी झिजलेली असेल, तर घरातली दुसरी लावून पाहावी. कुलपात तेल ओतू नये, त्यात धूळ चिकटते. ग्रॅफाइटची कोरडी भुकटी बरी.

गाडी सुरू आहे, पण स्टिअरिंग जड झाले, तर गोष्ट वेगळी. आधी पुढच्या चाकांची हवा पाहावी. पुष्कळदा दोष तिथेच निघतो. तेलावर चालणारे पॉवर स्टिअरिंग असेल, तर तेल कमी झालेले असते किंवा पट्टा सैल होऊन किंचाळतो. विजेवर चालणाऱ्यात समोर स्टिअरिंगच्या चित्राचा दिवा लागतो. तो लागला की गॅरेज गाठावे, उद्यावर ढकलू नये.

चालत्या गाडीचे इंजिन बंद पडले, तर स्टिअरिंग जड होते, पण चावी जागेवर असेल तोवर अडकत नाही. दोन्ही हातांनी घट्ट धरून वळवावे, ब्रेक एकदाच दाबून धरावा आणि गाडी डावीकडे घ्यावी. ब्रेक पुन्हा पुन्हा मारला, तर तोही कडक होतो. गाडी पूर्ण थांबेपर्यंत चावी काढायची नाही.

हे मुद्दाम लिहिण्याचे कारण आहे. ईदला गावी जाताना पेट्रोल वाचवायला घाटाच्या उतारावर इंजिन बंद करणारे आमच्याच नात्यात आहेत. पाच-पन्नास रुपयांसाठी भरल्या गाडीचे ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही कमजोर करायचे, आणि त्यात चुकून चावी निघाली तर पुढच्या वळणावर चाक वळणारच नाही. मुलेबाळे मागे बसलेली असताना ही कसली बचत?

सवारीची दुआ आपण सगळेच पढतो, पढलीच पाहिजे. पण तवक्कल करण्याआधी उंट बांधण्याची शिकवणही आपल्यालाच मिळालेली आहे.

आता आमच्या घरात गाडी लावताना चाके सरळ करूनच चावी काढतात. आणि एका रविवारी भाईजानांनी मुद्दाम स्टिअरिंग अडकवून घरातल्या प्रत्येकाकडून ते सोडवून घेतले. गाडी न चालवणाऱ्या भाभींकडूनही. पहिल्याच झटक्यात जमले ते त्यांनाच. तुम्हीही येत्या सुट्टीत एवढे करून पाहा. गरज पडेल ती वेळ सांगून येत नाही. अल्लाह सर्वांना आपल्या हिफाजतीत ठेवो. आमीन.