रमाबाईंची श्रद्धा आणि आपला अभ्यासक्रम

पंडिता रमाबाई वर्गात शिकवताना आम्ही वर्षानुवर्षे एक चूक करीत आलो. ‘स्त्रीधर्मनीति’ (१८८२), शारदासदन (१८८९), केडगावचे मुक्तिसदन असा सुधारणेचा आलेख मांडायचा आणि १८८३ मध्ये इंग्लंडात घेतलेल्या बाप्तिस्म्यापाशी आले की ‘तो त्यांचा वैयक्तिक प्रश्न’ असे म्हणून पुढे सरकायचे. ख्रिस्ती चरित्रकारांची चूक नेमकी उलट आहे. त्यांच्या लेखी रमाबाईंची दुःखे म्हणजे श्रद्धेच्या गौरवाची पार्श्वभूमी. दोन्हीकडे त्यांची श्रद्धा रोजच्या व्यवहारात काय करीत होती, हे पाहायचे राहूनच जाते.

रमाबाईंचे आईवडील आणि थोरली बहीण दुष्काळात अन्नावाचून गेली. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. घरातले द्रव्य तीर्थे, दाने आणि अनुष्ठाने यांत संपले, आणि जातीचा अभिमान हलके काम करू देईना. हे सारे रमाबाईंनी स्वतःच आपल्या १९०७ च्या आत्मनिवेदनात लिहिले आहे. पुढे १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी गेले. पदरी लहानगी मनोरमा. एक श्रद्धा डोळ्यांदेखत उपाशी मेलेली पाहिल्यावर ही बाई दुसरी श्रद्धा सहजासहजी उसनी घेणार नव्हती. बाप्तिस्म्यानंतरही ती वाँटेजच्या भगिनींशी अधिकाराच्या प्रश्नावर वाद घालीत राहिली. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे नकोत, संस्कृत हवीत, असा आग्रह तिने धरला. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, अशा आशयाची कबुली तिने दिली आहे. तो मिळायला पुढची आठेक वर्षे गेली.

मत्तयाच्या शुभवर्तमानात खडकावर बांधलेल्या घराचा दृष्टान्त आहे. त्यातला भेद ऐकून तसे वागणारा आणि नुसता ऐकणारा यांच्यातला आहे. पाऊस आणि वारा दोन्ही घरांवर सारखाच येतो. रमाबाईंवर तो १८९३ मध्ये आला. सदनातील मुलींवर धर्मांतराचा प्रभाव पडतो या आरोपावरून सल्लागार मंडळातील रानडे, भांडारकर यांनी अंग काढून घेतले, अनेक पालकांनी मुली नेल्या, ‘केसरी’ने टीकेची धार धरली. (फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली होती ती त्याआधीच, १८८५ मध्ये.) या आरोपात तथ्य किती, हा प्रश्न आम्ही टाळणार नाही. श्रद्धा इतकी उघडपणे जगणाऱ्या बाईच्या घरात तिचा प्रभाव पडणारच, आणि आश्रितांना नकाराचे स्वातंत्र्य किती असते, ही शंका रास्त आहे. तरी १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी मुलींना आणायला ही बाई निघाली. स्वतःची उपासमार तिला आठवत होती. श्रद्धेने ती आठवण पुसली नाही, तिला कामाला लावले.

साहित्याच्या विद्यार्थ्याने खरे थांबावे ते याच्या पुढे. उत्तरायुष्याची दीडेक दशके रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. त्यासाठी त्या भाषा शिकल्या. आधीच्या मिशनरी भाषांतरांतील संस्कृतप्रचुर मराठी त्यांना खटकत होती, कारण खेड्यातल्या, जेमतेम वाचू शकणाऱ्या बाईला ती कळणार नव्हती. क्रूसावर संस्कृतचा हट्ट धरणाऱ्या, ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळवलेल्या विदुषीने आपल्या हातून संस्कृत गाळावे, हे आम्हाला त्यांच्या कोणत्याही प्रार्थनेपेक्षा अधिक बोलके वाटते. मराठी गद्याच्या इतिहासात या निर्णयाची चर्चा व्हायला हवी होती. आम्ही शिकवलेल्या एकाही अभ्यासक्रमात त्या भाषांतराचे एक पान नव्हते.

काम संपत आले असताना, जुलै १९२१ मध्ये, मनोरमा गेली. संस्था जिच्या हाती सोपवायची तीच. रमाबाई साठी ओलांडलेल्या, प्रकृतीने खचलेल्या. त्यांनी मुद्रिते तपासणे थांबवले नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्यांचे निधन झाले, तेव्हा भाषांतर पुरे झालेले होते. त्याचे खिळे मुक्तिसदनाच्या छापखान्यात तिथल्याच बायकांनी जुळवले.