परसातली ढाबळ म्हणजे जीवदया नव्हे



आमच्या धाकट्याला परसात कबुतरांची ढाबळ घालायची आहे. सासूबाई म्हणाल्या, "घालू दे की, मुक्या जिवांची सेवाच होते." मी साफ नाही म्हटलं.

ऑगस्ट २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली, तेव्हा इथे मिरजेतही आपण हळहळलो. पण दाणे टाकणं वेगळं, पाळणं वेगळं.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितलेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. आता ढाबळीकडे बघा. नवं कबूतर पळू नये म्हणून त्याचे पंख बांधतात, नाहीतर कापतात. स्पर्धेत तासन्‌तास उडावं म्हणून दाणा मोजून देतात. दमून उतरू पाहणाऱ्याला फडकं हलवून पुन्हा वर हाकलतात. याला सेवा म्हणायचं?

"मी स्पर्धेत उतरणार नाही," असं पोरगा म्हणतो. बरं. पण जोडी एका वेळी दोन अंडी घालते, साधारण १८ दिवसांत पिल्लं निघतात, आणि हे वर्षभर चालतं. ढाबळ भरली की जास्तीची पिल्लं विकणार. घेणारा ती कशासाठी नेतो, हे विचारणार का?

आणि झाडलोट कोण करणार? आपणच. वाळलेल्या विष्ठेची धूळ रोज नाकात गेली तर फुफ्फुसांना सूज येऊ शकते.

मेघरथ राजाने ससाण्यापासून कबुतराला वाचवलं, त्याला कोंडून ठेवलं नाही. जखमी पाखरू आलं तर जरूर जपा. बरं झालं की सोडून द्या.