तारकर्लीच्या आधीचे दहा किलो

परवा ऑफिसात चहाच्या वेळी एका मैत्रिणीनं हळूच विचारलं, "अगं, डिसेंबरात सगळे गोव्याला चाललोय. महिन्याभरात सात-आठ किलो उतरवायचेत. तू केले होतेस ना मागे? काय केलंस ते सांग की!" मी "सांगते नंतर" म्हणून वेळ मारून नेली. खरं उत्तर एका चहात मावणारं नव्हतं. म्हणून इथे लिहून काढतेय. तिलाही हेच वाचायला देईन.

तर गोष्ट 2024 च्या गणपतीतली. गौरीजेवणाच्या दिवशी कुणीतरी फोटो काढले आणि आमच्या मावस-मामे भावंडांच्या ग्रुपवर टाकले. एका फोटोत एक बाई पाठमोरी, पंगतीत वाढतेय. खाली भाच्यानं लिहिलं, "मोठी मावशीआजी कधी आली?" मोठी मावशी त्या दिवशी नाशकात होती. तिचं वय 71. फोटोतली बाई मी होते. वय 46.

सगळे पोट धरधरून हसले. मीही चार-पाच हसऱ्या बाहुल्या टाकल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी आपटली.

त्याच आठवड्यात ठरलं, की भाऊबीज झाली की सगळ्या भावंडांनी मिळून तारकर्लीला जायचं. निघायचं 5 नोव्हेंबरला. मी विसर्जनाच्या दिवशी, म्हणजे 17 सप्टेंबरला, कालनिर्णयावर बोट ठेवून मोजलं. बरोबर सात आठवडे! उंची पाच फूट एक इंच, वजन 74.6. लक्ष्य ठरलं दहा किलो.

एक गोष्ट आधीच कबूल करते. वजन कमी करायची मला खरोखरच गरज होती. डॉक्टर दोन वर्षं सांगत होत्या, रक्तातली साखर काठावर आली होती. पण गंमत बघा, त्या रिपोर्टांनी दोन वर्षांत जे झालं नाही ते एका पाठमोऱ्या फोटोनं दोन मिनिटांत केलं. म्हणजे मला तब्येत नकोच होती. मला दुसरा फोटो हवा होता, आणि तोही ठरलेल्या तारखेला.

मग काय केलं? सकाळी लिंबू-पाणी, दुपारी कोबीचं सूप, संध्याकाळी एखादं फळ, रात्री परत सूप आणि पातळ ताक. पोळी, भात, तेल, तूप, साखर सगळं बंद. वर रोज तासभर चालणं. आपल्याकडे एक घर डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं ऐकून दोनदा जेवतं, शेजारचं घर ऋजुता दिवेकरांचं ऐकून भातावर तूप घेतं, आणि दोन्ही घरांत वाद चालू असतात. पण सात आठवडे कोबीच्या सूपावर काढा असं दोघांपैकी कुणीच म्हटलेलं नाही. तो माझाच शोध.

दर रविवारी सकाळी वजन करायचं आणि कालनिर्णयावर, दुधाच्या हिशोबाशेजारी, आकडा लिहायचा. पहिल्या आठवड्यात 3.1 किलो गेले! मी हवेत. नंतर कळलं की त्यात बरंचसं पाणी होतं. शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजन नावाचा साठा ठेवतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रामबरोबर साधारण तीन ग्राम पाणी असतं. खाणं तुटलं की आधी हा साठा संपतो आणि त्याच्याबरोबर पाणी जातं. साधा हिशोब करा. एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7700 कॅलरी. आठवड्यात तीन किलो चरबी घालवायची तर रोज 3300 कॅलरींची तूट हवी. मी मुळात रोज तेवढं खातही नव्हते! पहिल्या आठवड्याच्या आकड्याला म्हणूनच भुलू नये. नेहमीचं जेवण सुरू केलं की तो पाहुणा मुकाट्यानं परत येतो.

पुढे नवरात्र आलं, तेव्हा माझं न खाणं उपासात लपून गेलं. दिवाळीत मात्र पंचाईत झाली. चकल्यांचं पीठ भिजवलं, पण चाखायचं नाही म्हणजे नाही. चकल्या पार अळणी झाल्या. सासूबाई एक तुकडा मोडून म्हणाल्या, "यंदा मीठ महागलं का गं?" एरवी मी हसले असते. त्या दिवशी ताडकन उठून आत गेले आणि दार लावून घेतलं. तशी मी त्या दिवसांत कुणावरही कशावरूनही खेकसत होते. थंडी वाजायची, विंचरताना केसांचे पुंजके यायचे, आणि रात्री अंथरुणात पडून मी मोबाईलवर काय बघायचे, तर बिर्याणीचे व्हिडिओ! एकामागून एक.

यालाही इतिहास आहे बरं का. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 साली ॲन्सेल कीज यांनी 36 धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीनं, जवळजवळ सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. महायुद्धात उपासमार झालेल्या लोकांना परत कसं जेवू घालायचं हे शोधायला. ते तरुण चिडचिडे झाले, त्यांना सतत थंडी वाजायला लागली, आणि त्यांच्यातले काही चक्क पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. मी हे नंतर वाचलं आणि आधी हसले, मग जरा शहारले. त्यांच्या उपासाला निदान काही कारण तरी होतं.

असो. 5 नोव्हेंबरला सकाळी काट्यावर उभी राहिले. 64.4! दहा किलो दोनशे ग्राम. लाल पेनानं लिहिलं आणि भोवती गोल काढला. रात्री ठाण्याहून कोकणकन्या पकडली.

सकाळी कुडाळ स्टेशनवर उतरले आणि एकच गलका झाला. "अय्या, ओळखलीच नाही!" "कॉलेजातली दिसतेस!" "काय केलंस? आम्हाला पण सांग!" वहिनीनं तर मला गोल फिरवून बघितलं. लेक माझ्या शेजारी पिशवी घेऊन उभी होती, ती हे सगळं ऐकत होती. तेव्हा बारा वर्षांची. एकटी मोठी मावशी (हो, तीच, फोटोतली! तिला आम्ही खास पाहुणी म्हणून नेलं होतं) माझा हात धरून म्हणाली, "दमलेली दिसतेस गं. जेवतेस ना नीट?" मला तिचा रागच आला. सात आठवड्यांच्या तपश्चर्येचं हे कौतुक?

दुपारी पानात कोंबडी-वडे, तळलेली सुरमई, सोलकढी. म्हटलं, आता काय, फोटो तर निघाले. सात आठवड्यांची भूक त्या पानावर तुटून पडली. रात्री दोनच्या सुमाराला उजव्या बरगडीखाली असं काही दुखायला लागलं की बाळंतपण बरं. कळ पाठीत, खांद्यापर्यंत. वांत्या. आधी पित्त समजून सोडा प्यायले. शेवटी भावानं गाडी काढली आणि मालवणात एका दवाखान्यात नेलं. इंजेक्शनानं दुखणं थांबलं. घरी गेल्यावर लगेच सोनोग्राफी करा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सगळे होडीनं सिंधुदुर्ग किल्ला बघायला गेले. मी खोलीच्या पडवीत. मावशी माझ्यासाठी मागे राहिली. तिनं कुणाला तरी सांगून भाताची मऊ पेज करवून आणली, मीठ घातलेली. सात आठवड्यांनी भात खाल्ला मी. एवढ्या सहलीतली माझ्या लक्षात राहिलेली चव तीच. ज्या फोटोंसाठी हे सगळं केलं ते फोटो किती? तीन. सगळे पहिल्याच दिवशीचे.

सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की वजन फार भराभर उतरलं की यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं. त्यात जेवणात तेल-तूप नसलं की पित्ताशय नीट आकुंचन पावत नाही, पित्त तसंच साठून राहतं आणि त्यात खडे धरतात. मग एक दिवस अचानक तळलेलं पोटात गेलं की पित्ताशय जोरात आवळतं आणि खडा वाटेत अडकतो. "तुमची कुणाशी शर्यत होती का?" असं त्यांनी विचारलं. डिसेंबरात दुर्बिणीतून ऑपरेशन झालं आणि पित्ताशय काढून टाकलं.

इथवर ऐकून मैत्रीण म्हणेल, तुझं नशीब वाईट, सगळ्यांना थोडेच खडे होतात? खरं आहे. सगळ्यांना नाही होत. पण मला जे खरं सांगायचंय ते याच्या पुढे आहे.

ऑपरेशनची तारीख लिहायला मी नोव्हेंबरच्या शेवटी कालनिर्णयापाशी गेले. माझे आकडे लाल गोलाशी संपले होते. त्यानंतरच्या रविवारांच्या चौकटींत, 10, 17 आणि 24 तारखेला, बारीक पेन्सिलीनं दुसरेच आकडे होते. 38.4. 37.9. 37.1.

मला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि तिथेच खाली बसले.

मागचं एकेक आठवायला लागलं. "पोळी मैत्रिणीला दिली" म्हणून रिकामा येणारा डबा. "भूक नाही, शाळेत खाल्लं." मी स्वतःच्या दुखण्यात इतकी बुडालेली की बरं झालं, हट्टानं वेफर्स मागत नाही, एवढंच वाटलं होतं. संध्याकाळी तिला जवळ घेऊन विचारलं. आधी काही बोलेना. मग म्हणाली, "कुडाळला सगळे तुला किती छान छान म्हणत होते, आई. मला कधी कुणी तसं म्हणालं नाही." ती बारीकच होती हो! आधीपासून!

काटा त्याच रात्री माळ्यावर गेला. तिला डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी तिच्याशी छान गप्पा मारल्या. तरी पानात वाढलेलं सगळं न बिचकता खायला तिला पुढचे चार-पाच महिने लागले. पित्ताशयाचं मला तितकंसं दुःख नाही. हे चार-पाच महिने मात्र मी माझ्या खात्यावर लिहून ठेवलेत.

माझे उतरलेले किलो? 2025 च्या मे महिन्यात वजन 71.8 झालं होतं. दहातले सात परत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. त्यांत आठवड्याला अर्धा किलो उतरवणं सुरक्षित म्हटलंय. म्हणजे दहा किलोंना वीस आठवडे. आता मी त्याहूनही हळू चाललेय. दोन्ही वेळा सगळ्यांबरोबर बसून जेवते, भात थोडा कमी, उसळ-भाजी जास्त, रोज चालणं. सध्या 69 च्या आसपास आहे आणि साखर काठाच्या आत. फोटोत कुणाला फरक दिसत नाही. रिपोर्टात दिसतो.

ऑफिसात हल्ली इंजेक्शनांचीही कुजबुज असते. 2025 मध्ये मौंजारो आणि वेगोव्ही आपल्याकडे आली तेव्हापासून. ज्यांना डॉक्टर देतात त्यांना त्यांचा खरोखर उपयोग होतो, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण लग्न किंवा सहल डोळ्यासमोर ठेवून दोन महिन्यांपुरतं टोचून घ्यायचं म्हणजे माझ्या कोबीच्या सूपाचीच महागडी आवृत्ती. बंद केलं की वजन परत येतं, आणि पित्ताचे खडे तिथेही होऊ शकतात.

सुट्टीच्या आधी घाईनं बारीक होण्यात मला आता मुख्य खोट ही वाटते, की सुट्टी ही विसाव्यासाठी असते आणि आपण तिची परीक्षा करून टाकतो. तारीख ठरते, परीक्षक ठरतात. आणि परीक्षक कोण, तर आपलीच माणसं. हा ब्लॉग वाचणारे निम्मे लोक माझे नातेवाईक आहेत, तेव्हा स्पष्टच लिहिते. (वहिनी, रागावू नकोस!) आपल्याकडे भेटल्यावर पहिलं वाक्य अंगावरूनच असतं. "सुटलीस गं!" नाहीतर "काय वाळलीस!" मीही हेच करत आलेय. मायेनंच करतो आपण. पण "सुटलीस" जितकं लागतं तितकंच "काय छान बारीक झालीस" शेजारी पिशवी घेऊन उभ्या असलेल्या पोरीला लागतं, हे मला फार उशिरा कळलं. त्या दिवशी स्टेशनवर "जेवतेस ना नीट?" असं विचारणारी एकटी मावशी होती, आणि मी तिच्यावर रागावले होते.

तेव्हा मैत्रिणी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. गोव्याला जा. आज अंगाला नीट बसतील असे दोन कपडे शिवून घे. तिथे मासे खा, पाण्यात उतर, पोरांबरोबर फोटो काढ. वजन उतरवायचंच असेल तर परत आल्यावर डॉक्टरांना विचारून सुरू कर, आणि कुठल्याच सहलीची तारीख डोळ्यासमोर ठेवू नकोस.

आणि मंडळी, मे महिन्यात भेटू तेव्हा आधी "कशी आहेस?" विचारा. लेकीलाही तेच विचारा.

बास आता. उद्याच्या डब्याला बटाट्याची भाजी हवी अशी फर्माईश झालीये, बटाटे उकडायला लावते.