कार्ड पेटीत का गेलं?

हिवरखेडला आमच्या भाच्याचं लसीकरणाचं कार्ड साडेतीन महिन्यांच्या डोसनंतर पेटीत गेलं. दीड वर्षाच्या बूस्टरला आपा म्हणाली, "पुन्हा ताप येईल, राहू दे."

ताप बहुतेकदा शरीर लस ओळखतंय म्हणून येतो, दोनेक दिवसांत उतरतो. पण घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांच्याविरुद्धची प्रतिपिंडं काळानुसार घटतात. बूस्टर मिळाला की स्मृतिपेशी ती पुन्हा झपाट्याने वाढवतात. म्हणून 16 ते 24 महिन्यांत आणि 5 ते 6 वर्षांत डीपीटी, मग 10 आणि 16 व्या वर्षी टीडी. घटसर्पात घशात साचणारा पडदा श्वासच कोंडतो. त्यापुढे ताप काय!

आपाला समजावताना माझंच कार्ड शोधलं. सोळाव्या वर्षाचा रकाना कोरा. तुमचा? सरकारी दवाखान्यात टीडी मोफत मिळते.