शस्त्र शिकविणाऱ्याची परीक्षा कोण घेणार?

बंदुकीचा परवाना देताना शासन अर्जदाराची कसून चौकशी करते. पोलिसांचा अहवाल येतो, जिवाला खरोखर धोका आहे काय हे तपासले जाते आणि मगच परवान्याचा निर्णय होतो. २०१६ च्या शस्त्र नियमांनी यात सुरक्षा-प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राची भर घातली. शस्त्र हाताळणे, झाडणे, त्याची निगा राखणे, ते सुरक्षित ठेवणे व नेणे हे विषय त्यात येतात. ही सुधारणा स्वागतार्ह होय. परंतु शिकणाऱ्याकडे इतक्या बारकाईने पाहणारे आपण शिकविणाऱ्याकडे मात्र क्वचितच पाहतो.

यातील अडचण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ओळखीची वाटेल. मालाचा कस विकणाऱ्यास ठाऊक आणि घेणाऱ्यास अज्ञात असला, की चांगला माल बाजारातून हटू लागतो, हे जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखविले. येथे तर स्थिती याहून बिकट आहे. पुष्कळ अर्जदारांना विद्या नको असते, कागद हवा असतो. त्यांना ढिला प्रशिक्षकच सोयीचा. आणि चुकीची किंमत मोजतो तो तिसराच : शेजारी, घरातले मूल किंवा लग्नाच्या वरातीतला पाहुणा. अशा आनंदाच्या गोळीबाराला २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा ठेवली, ती उगाच नव्हे.

आपल्या गोंदिया जिल्ह्यात हा प्रश्न दोन टोकांना उभा आहे. एकीकडे रोकड बाळगणारा व्यापारी स्वसंरक्षणासाठी पिस्तूल मागतो. दुसरीकडे नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलालगत धान निसवले की बांध्यांत रानडुकरे उतरतात. पीकरक्षणासाठी भरमार बंदुकीच्या परवान्याची तरतूद १९५९ च्या शस्त्र अधिनियमातच आहे. तेथे विद्या बापाकडून मुलाकडे येते आणि बापाच्या चुकाही तिच्यासोबत येतात.

मग चांगला प्रशिक्षक ओळखावा कसा? पदके त्याच्या नेमाची साक्ष देतात, शिकविण्याची नव्हे. विद्वान माणूस चांगला शिक्षक असतोच असे नाही, हे शिक्षकवर्गाला सांगावयास नको. एन.सी.सी.च्या फायरिंगला गेलेल्यांना तेथील शिस्त आठवेल : लाल निशाण, हुकमाविना कोणी हलायचे नाही, आणि नवख्याच्या शेजारी जाणता माणूस. तोच मापदंड येथे लावावा. शस्त्र हाती देण्यापूर्वी ते रिकामे असल्याची खात्री तो शिष्यासमक्ष करतो काय? नळी कोणाकडे वळते आणि बोट चापावर केव्हा जाते, यावर त्याची नजर असते काय? एका वेळी किती जणांना तो गोळी झाडू देतो? घरात मुले असता बंदूक व काडतुसे कोठे ठेवावीत, हे तो सांगतो काय? गोळी केव्हा झाडू नये, हे तो शिकवितो काय? खाजगी बचावाच्या हक्काला भारतीय न्याय संहितेनेही मर्यादा घातल्या आहेत; गरजेहून अधिक इजा करण्याची मुभा तो देत नाही. आणि शेवटी, अपात्र शिष्याला तो कधी नापास करतो काय?

हा अखेरचा प्रश्न कळीचा आहे. ज्याची कमाई शिष्याच्या फीवर, त्यानेच उत्तीर्णतेचा दाखला द्यावा, ही रचनाच सदोष आहे. शिकविणारा वेगळा आणि परीक्षा घेणारा वेगळा असावा. ही परीक्षा जिल्हा पोलीस मुख्यालयातील शस्त्रप्रशिक्षकांनी घ्यावी. प्रत्येक प्रशिक्षकाचे किती शिष्य उत्तीर्ण झाले, किती नापास झाले व किती अपघात घडले, याची नोंद जिल्हाधिकारी कार्यालयात सर्वांना पाहता यावी.

यामुळे खर्च वाढेल आणि उपजीविकेसाठी शिकविणाऱ्या माजी सैनिकांवर अविश्वास दाखविल्यासारखे होईल, असा आक्षेप येईल. पिस्तूल घेणाऱ्याला परीक्षेची फी जड नाही. भरमारवाल्या शेतकऱ्यासाठी धान निसवण्यापूर्वी तालुक्याच्या ठिकाणी विनामूल्य शिबिर भरवावे. आणि अशा नोंदीची भीती निष्काळजी प्रशिक्षकालाच वाटेल. कसोशीने शिकविणाऱ्या माजी सैनिकाला त्याच्यापासून वेगळे ओळखण्याचा दुसरा मार्ग आज नवख्या अर्जदाराकडे नाही.