फुकटच्या ज्ञानात आपली नागली कुठं आहे?



मृगाची तयारी चालू आहे, राब भाजून झालेत. आज पिकाचा फोटो नाही, एक विचार लिहितोय. पटला नाही तर तसंही सांगा.

शेतीचं शास्त्र आता मोबाईलवर फुकट मिळतं, आणि मराठीत मिळतं. चांगलीच गोष्ट आहे. पण जव्हार-मोखाड्याचा माणूस तिथं शोधायला गेला की पुढं येतं ऊस, द्राक्ष, डाळिंब, कांदा. ठिबकमधून कोणतं खत किती सोडायचं याचे ढीगभर व्हिडिओ. उतारावरच्या वरकस जमिनीत नागली, वरई, खुरासणी, उडीद करणाऱ्याच्या हाताला फार थोडं लागतं. माझं म्हणणं, ही जागा बाहेरचा कोणी येऊन भरणार नाही. ती आपणच भरायची.

एकमेकांना विचारून शिकायचं हे मोबाईलवर नवं नाही. २००३ साली आयआयटी मुंबईच्या मंडळींनी 'आक्वा' नावाची प्रश्नोत्तराची सोय काढली होती. शेतकऱ्यानं मराठीत प्रश्न टाकायचा, तज्ज्ञानं नाहीतर दुसऱ्या शेतकऱ्यानं उत्तर द्यायचं. बारामतीचं कृषी विज्ञान केंद्र आणि पाबळचा विज्ञान आश्रम त्यात होते. त्यातली मला सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट म्हणजे दिलेलं उत्तर तिथं राहायचं. पुढच्या वर्षी दुसऱ्याला तीच अडचण आली तर ते सापडायचं. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळी दिलेलं चांगलं उत्तर संध्याकाळपर्यंत शुभेच्छांच्या खाली गाडलं जातं.

आता फुकट ज्ञानाची गरज का, ते बघा. भाताच्या बियाण्याला मिठाच्या पाण्याची प्रक्रिया घ्या. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवायचं, त्यात बी ओतायचं, तरंगेल ते पोचट बी काढून टाकायचं. तळाला बसलेलं साध्या पाण्यानं दोन-तीनदा धुऊन सावलीत सुकवायचं. खर्च मिठाच्या पुड्याचा. यात विकण्यासारखं काही नाही, म्हणून कुठला दुकानदार हे आपणहून सांगत नाही. ज्या ज्ञानात कुणाचा नफा नाही, ते फिरवायला माणसंच लागतात.

'श्री' पद्धतीचा भात असाच फिरला. मादागास्करमध्ये फादर हेन्री द लोलानिए नावाच्या पाद्रीनं तिथल्या शेतकऱ्यांसोबत राहून १९८३ च्या सुमारास ती बसवली. कोवळं रोप, एका जागी एकच, अंतर मोकळं, पाणी बेताचं. तिच्यावर कुणी पेटंट घेतलं नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या लोकांनी माहिती सगळ्यांना खुली केली आणि ती आपल्या खाचरापर्यंत आली. नागलीचं उदाहरण तर आणखी जवळचं. कर्नाटकात हावेरी जिल्ह्यातले शेतकरी 'गुळी' पद्धत करतात. दीड-दीड फुटावर खड्डा, त्यात मूठभर शेणखत आणि दोन रोपं. ही रीत शेतकऱ्यांनीच बसवली. कुणीतरी नीट लिहून ठेवली, म्हणून आज मी ती तुम्हाला सांगू शकतोय. आपल्या डोंगराला ती जशीच्या तशी चालेल असं नाही, पण चार ओळींत करून बघायला काय हरकत आहे?

आपल्या पाड्यांवर असं किती आहे बघा. नागलीत कलपेरी, शितोळी, ढवळपेरी. कुठली हळवी, कुठली गरवी, कुठल्या मुरमाड उतारावर कुठली तग धरते, कुठलीवर करपा कमी येतो. बाएफ संस्थेनं जव्हारला बियाणे बँकेचं काम केलं, त्यामुळं बी तरी जपलं गेलं. पण बियाण्याबरोबरचं ज्ञान म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात आहे. एक आजी गेली की बियाणं उरतं, पण ते कुठं आणि कधी टाकायचं हे तिच्याबरोबर जातं.

काही जण म्हणतात, "सगळं उघड केलं तर कंपनी चोरून नेईल." ही भीती खोटी नाही. पण हळदीचं काय झालं ते आठवा. १९९५ साली अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख होते. संस्थेनं ते आव्हानलं आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. कारण हा उपयोग आपल्याकडं आधीपासून आहे, हे छापील पुरावे देऊन दाखवता आलं. तोंडी ज्ञानाला तिथं कोणी विचारत नाही. गावाचं नाव आणि तारीख घालून लिहिलेलं ज्ञान म्हणजे शेताला घातलेलं कुंपण. शिवाय २००१ च्या कायद्यानं शेतकऱ्याला आपला वाण स्वतःच्या नावानं नोंदवता येतो, बी जपायचा आणि वाटायचा हक्क आहे.

एक पथ्य मात्र पाळा. औषधी झाडपाला, मुळ्या यांचं ज्ञान एकट्यादुकट्याचं नसतं. ते मोबाईलवर टाकायच्या आधी जाणत्याला आणि गावाला विचारा. ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही त्यासाठीच आहे.

दुसरी अडचण चुकीच्या माहितीची. "आमच्याकडं रिझल्ट आला" म्हणून औषधाचं प्रमाण पुढं ढकललं जातं. पीक वेगळं, जमीन वेगळी, फवारायला डोंगरावर पाणी नाही. म्हणून फवारणीचं प्रमाण कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्राला नाहीतर दापोली विद्यापीठाच्या माणसाला विचारल्याशिवाय कोणी टाकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकी अनुभव लिहिताना एवढं लिहा: गाव, जमीन उताराची की सपाट, वाण, पेरणी-लावणी-कापणीच्या तारखा, किती गुंठ्यात किती किलो. नवीन काही केलं असेल तर शेजारी दोन ओळी जुन्या पद्धतीच्या ठेवा आणि दोन्हीचं वजन वेगळं करा. फसलं तेही लिहा, म्हणजे दुसऱ्याचा हंगाम वाचेल. शास्त्र म्हणजे हेच, त्याला पदवी लागत नाही.

कृषीच्या साहेबांना आणि शिकणाऱ्या पोरांना हात जोडून एक सांगणं आहे. तुम्ही पाड्यावर येता, फॉर्म भरता, बी नेता, बायामाणसं कामं सोडून बसतात. पुढं त्याचा प्रबंध इंग्रजीत होतो आणि कपाटात जातो. दोन पानं मराठीत करून त्याच पाड्यावर वाचून दाखवा. आमच्याकडून फुकट नेलेलं आमच्याकडं फुकट परत येऊ द्या.

राहिला रेंजचा प्रश्न. आपल्याच जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कुरणशाळा चालवली. पोरं गुरांमागं कुरणावर, तर शाळा कुरणावर गेली. तसंच करायचं. रेंज असलेल्या माणसानं माहिती उतरवून आणायची, कागदावर काढून अंगणवाडीच्या भिंतीला लावायची, वाचता येत नाही त्याला वाचून दाखवायची. आणि उलट दिशेनंही. बियाणं निवडण्याचं काम बहुतेक घरांत बाई करते. तिचं बोलणं तिच्याच वारली, कोकणा बोलीत मोबाईलवर रेकॉर्ड करा. लिहायचं काम नंतर कोणीही करेल.

दिवाळीनंतर अर्धा पाडा वीटभट्टीला जातो, मग विचारायला माणूस सापडत नाही. म्हणून हे आत्ता, आवणीच्या आधी सुरू करू. एका पाड्यानं एका वाणाची नोंद, एवढंच. जी येईल ती गावाच्या आणि सांगणाऱ्याच्या नावानिशी इथं टाकीन. नाव नको असेल तर फक्त गाव टाकू.

या खरिपात तुमच्या पाड्याची कुठली नागली?