उतारावर न्यूट्रल नको



सिद्धेश्वरच्या कालव्यावरचा ऊस भरून डबल ट्रॉली निघाली, की उतार दिसताच ट्रॅक्टर न्यूट्रल! का, तर म्हणे डिझेल वाचतं. हा हिशेबच खोटा. गिअरमध्ये रेस सोडली की चाकंच इंजिन फिरवतात, पंप डिझेल जवळपास बंद करतो. न्यूट्रलला मात्र ते जळतच राहतं.

घाटातल्या ट्रकला एक्झॉस्ट ब्रेक असतो. धुराची वाट अडवून तो इंजिनलाच वेग धरायला लावतो. आपल्या ट्रॅक्टरला तो नाही, बहुतेक ट्रॉल्यांना तर साधा ब्रेकही नाही. नुसत्या ब्रेकवर उतरलं की ब्रेक तापतात, धरत नाहीत, मागची ट्रॉली ट्रॅक्टरला आडवा ढकलते. म्हणून जो गिअर चढाला लागला असता तोच उताराआधी टाका. मध्येच क्लच दाबला आणि गिअर पडला नाही, तर मग संपलंच. आणि रानात सुटे केलेले दोन्ही ब्रेक रस्त्यावर येताना कडीनं जोडा.

आमचं मत रोखठोक आहे. खेपेवर पैसे देणाऱ्या मालकानं ड्रायव्हरला 'लवकर ये' म्हणू नये, हळू उतरल्यानं एखादी खेप कमी झाली तर त्याचे पैसे कापू नयेत. बिनब्रेकची दुसरी ट्रॉली उताराच्या रस्त्याला जोडूच नये.